कोर्टावरची पाटी

१९ जाने., रवि.
केदार, सूनबाई, ओवी येऊन गेले. दीड तास. त्यातला तासभर तिघंही आपापल्या फोनमध्ये. जाताना ओवी म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे काही करायलाच नसतं." रिटायर झाल्यापासून मीही हेच म्हणतो, पण अकरा वर्षांच्या नातीने म्हटलं तेव्हा लागलं. ते गेल्यावर टेप घेऊन मागची जागा मोजली. लांबी पुरते. रुंदीत सिंगल्सच बसेल. बॅडमिंटनचं कोर्ट करायचं.

२१ जाने.
खाली जाऊन वहिनींना विचारलं. घर दादाचं नि माझं, दोघांचं. दादा गेल्यापासून खाली त्या एकट्याच. मागे दर उन्हाळ्यात त्यांचं वाळवण असतं. "ओवी खेळणार असेल तर कर की," म्हणाल्या. "मी गच्चीत घालीन माझं."
सु. म्हणाली, "अहो, गुडघे बघितलेत का त्यांचे? अडतीस पायऱ्या आहेत गच्चीला."
त्या हो म्हणाल्यात ना, मी म्हटलं. विषय संपला.

१४ फेब्रु.
खडी, रोलर, काल काँक्रीट पडलं. ठेकेदार: "काका, पाणी मारायला विसरू नका. तडा गेला तर मला बोलायचं नाही." आजपासून नळी घेऊन उभा. वहिनी मागच्या दारात खुर्ची टाकून बघत असतात. कामगारांचा दोन वेळचा चहा त्यांच्याकडूनच.

१६ मार्च, रवि.
हिरवा रंग, पांढऱ्या रेषा, नेट. कर्वेनगरात दुसऱ्या कुणाकडे नसेल. वाऱ्याने बॅडमिंटनचं फूल दोनदा शेजारच्या गच्चीत गेलं, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं (मी विचारलं नव्हतं). पण केदार घामाघूम होऊन हसत होता, बऱ्याच वर्षांनी. वहिनी दारात बसून गुण मोजत होत्या. सगळे ओवीला. केदार म्हणाला, "काकू, नेटमध्ये गेलं ते!" तर म्हणाल्या, "लहान आहे ती." फार मजेत गेला दिवस.

५ एप्रिल, शनि.
सकाळी बघतो तर कोर्टावर जुनी चादर नि तिच्यावर कुरडया. खालून चीक झिरपून नव्या रंगाला चिकटला. तीन पांढरे डाग. उद्या केदार यायचा. वहिनींना काही बोललो नाही, पण डोकं फिरलं. उलथनं घेऊन तासभर खरवडलं.
मग पाटी रंगवली. ऑफिसात माझ्या पाट्या प्रसिद्ध होत्या. "हे खेळाचे मैदान आहे. कुरडयांनी कृपया अन्यत्र खेळावे." नेटच्या खांबाला टांगली, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. धडाधड हसरे चेहरे आले. वहिनींनी हात जोडलेले पाठवले. म्हणजे त्यांनाही आवडली.

६ एप्रिल, रवि.
केदार आला नाही. ओवीचा कसलासा क्लास. मागचं दार बंद होतं, वहिनी झोपल्या असतील.

१९ एप्रिल
दार बंदच आहे. दोन आठवडे. वहिनी पुढच्या दारानेच येतात-जातात. भेटल्या की हसतात, तब्येत विचारतात, सगळं नीट.
सु. ने आज सांगितलं, त्यांनी दुकानातून कुरडया आणल्या. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. विचारलं तर म्हणाल्या, "होत नाही गं आता." सु. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमच्या पाटीला सगळे हसले, कारण ती त्यांच्यासाठी नव्हती."
दुपारी पाटी काढली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. केदार या महिन्यात एकदाही आलेला नाही.

२ मे
नाशिकहून मेधाचा, वहिनींच्या लेकीचा, फोन. "काका, परवा आईला न्यायला येतेय. आता इकडेच राहील."
मी म्हटलं, पाटीमुळे का? ती गंमत होती.
"गंमत होती हे कळतं मला. ती तर तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, मागची जागा आता त्यांना लागते."
मी नववीत असताना वहिनी या घरात आल्या. नापासाचं प्रगतिपुस्तक घेऊन मी त्यांच्यामागे लपायचो, आणि बाबांसमोर त्या बोलायच्या, मी नाही. त्यांना मी दारातून उठवलं. तेही ब्रशने, स्वतःच्या अक्षरावर खूश होत.

३ मे
खाली गेलो. पलंगावर बॅग उघडी. काय बोलायचं ते जिना उतरताना ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "वहिनी, प्रवासाला औषधं घेतलीत ना?"
"घेतली."
मग पंख्याचं बोललो, आवाज करतो म्हणून. दहा मिनिटं पंखा. निघताना त्या म्हणाल्या, "नंदू, तू असाच रे पहिल्यापासून. लिहून मोकळा होतोस. बोलायचं राहून जातं." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. वर निघून आलो.

४ मे, रवि.
दहाला मेधाची गाडी. वहिनी बसायला लागल्या तेव्हा दार धरलं आणि म्हटलं, चुकलो वहिनी, जाऊ नका. मेधा, सु., शेजारचे, सगळ्यांसमोर. आवाज भलताच मोठा निघाला.
माझ्या हातावर हात ठेवला त्यांनी. "हे एप्रिलमध्ये म्हणाला असतास तर बॅग काढलीच नसती." आणि बसल्या.
एरवी चार दिवसांना गेल्या तरी किल्ली आमच्याकडे देऊन जातात. आज बरोबर नेली. सु. म्हणते, म्हणजे परत येणार. मला उलट वाटतं. विचारायला हवं होतं.
संध्याकाळी मेसेज लिहायला घेतला. चांगला जमत होता. पुसून टाकला. उद्या फोनच करीन. इथे त्या पाचला उठायच्या. तिकडे किती वाजता उठतात, माहीत नाही.