केर्तूसाठी बांधलेला कर्णा

कार्सासो, १२ मे, सकाळ

प्रिय पिरेतताई,

केर्तू कर्ण्याला कान लावून "ऐकू आलं, फार सुंदर!" म्हणाली ना, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पण ते नंतर सांगतो. आधी सांग, तुझी पाठ कशी आहे? तुर्कूच्या त्या बेकरीत अजून पिठाची पोती उचलायला लावतात का? इथे आई बरी आहे. बटाटे लावून झाले. यंदा बर्फ उशिरा वितळलं म्हणून दलदलीत पाणी भरपूर आहे, पक्षीही भरपूर आलेत.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "कॉलेजला परत कधी जातोस?" इथून सुरू करतेस आणि तिथेच संपवतेस. म्हणून पत्र. पत्रात तरी मधे तोंड घालता येत नाही.

तुला एवढंच माहीत आहे की मी कॉलेज सोडलं आणि केर्तूच्या एंदेल आजोबांच्या होड्यांच्या शेडमध्ये लाकडं वाकवत बसलो. का, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. केर्तूचा डावा कान लहानपणीच गेला, हे तुला ठाऊक आहे. उजवाही गेल्या वर्षापासून जायला लागलाय. शरदात ती मला म्हणाली, "तानेल, यंदा बगळे गेले तेव्हा मला फक्त पंख हलताना दिसले." एवढंच. तक्रार नाही, रडणं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गातून उठलो तो परत गेलोच नाही. तिच्या कानात काहीतरी उरलंय तोवर तिला जंगल ऐकवायचं, एवढंच डोक्यात होतं.

पहिला कर्णा हाताएवढा केला, पातळ प्लायवुडचा. माझ्या कानाला लावला तर झाडावरचा किडा कुरतडताना ऐकू यायचा. तिच्या कानाला लावला तर तिनं नकारार्थी मान हलवली. मूर्ख मी! लहान कर्णा बारीक आवाजच गोळा करतो, आणि तिचे गेले होते ते नेमके बारीक आवाज. जाड, घुमणारे थोडे उरले होते. त्यांच्यासाठी कर्ण्याचं तोंड दारापेक्षा मोठं लागतं.

मग मोठे दोन करायला घेतले. एक तिच्या कानासाठी, दुसरा आवाज टिपायला, त्याच्या निमुळत्या टोकात मायक्रोफोन. स्प्रूसच्या लाकडाच्या पट्ट्या वाफेवर वाकवायच्या, चिकटवायच्या, वरून डांबर. आजोबा रोज येऊन टोमणा मारायचे. "अजून मोठा? तुझ्या तोंडाएवढा करणार आहेस का?" मी म्हणायचो, "आजोबा, तुमच्या नातीसाठीच करतोय." ते म्हणायचे, "म्हणून तर वाफेसाठी माझी लाकडं जाळू देतोय." पट्टी फुटली की मी हातोडा भिरकावायचो. ते तो मुकाट्यानं उचलून खिळ्याला टांगायचे.

माझा सगळा भरवसा हूपवर होता. तोच पक्षी गं, लव्हाळ्यात उभा राहून रिकाम्या बरणीत फुंकर मारल्यासारखा घुमणारा. त्याच्याइतका जाड आवाज आपल्या दलदलीत कुणाचाच नाही.

परवा पहाटे दोन्ही कर्णे ट्रॅक्टरनं काठावर नेले. केर्तू आजोबांचा कोट घालून त्यांच्याबरोबर आली होती. तिनं तिच्या कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला उजवा कान लावला, डोळे मिटले. मी तिच्या पापण्यांकडे बघत उभा. वारा होता. आणि ती हसून म्हणाली, "ऐकू आलं! फार सुंदर!"

ताई, मी गवतावर उड्या मारल्या. लाज वाटत नाही सांगायला. नंतर कॉफीचा थर्मास आणायला ट्रॅक्टरकडे पळालो.

तिथेच मला कळायला हवं होतं. आपल्या गावात कुणी "फार सुंदर" म्हणतं का? लग्नाच्या मांडवात नवरीला बघूनही माणसं "वाईट नाही" म्हणतात. "वाईट नाही" ही आपली सगळ्यात मोठी शाबासकी. केर्तूला खरंच ऐकू आलं असतं तर तिनं तेवढंच म्हटलं असतं, किंवा काहीच नाही. पण मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

काल दुपारी टिपलेला आवाज लावून बसलो. तिच्या "फार सुंदर"च्या आधी नुसता वारा आहे. हूप नाही. बेडूकसुद्धा नाही. पुढे माझे पळतानाचे बूट. मग ती दोघं वाऱ्याच्या आडोशाला दुसऱ्या कर्ण्याच्या तोंडात जाऊन बसली असणार, कारण आवाज इतके जवळून येतात की जणू माझ्या मांडीवर बसून बोलताहेत. कर्ण्याच्या तोंडात बसून गुपित बोलू नये, हे त्यांना कोण सांगणार होतं?

आजोबा तिच्या कानाशी ओरडतात, "खरंच ऐकलंस का गं?"

"काही नाही. पण त्याला सांगू नका हं. अख्खा हिवाळा घालवलाय त्यानं."

आणि तिच्या याच वाक्यावर हूप घुमतो. इतका मोठ्यानं, की लाकूड थरथरतं.

"अगं, आत्ता ओरडला तो!"

"कोण?" केर्तू विचारते.

त्यानंतर आजोबांनी नाक शिंकरल्याचा आवाज आहे. पुढे मी ऐकलं नाही.

मी तसाच तिच्या घरी गेलो. ती बॅग भरत होती. कसली, ते तुला सांगितलेलं नाही. उद्या सकाळी तार्तूला तिच्या उजव्या कानाचं ऑपरेशन आहे. ऐकू यावं म्हणून आत तार बसवणार. ती चालू करायला नंतर काही आठवडे लागतात, आणि जो थोडाबहुत कान उरलाय तो ऑपरेशननं जाऊही शकतो. आधीची सगळी धावपळ याचसाठी होती, ताई. तारेतून जे येईल ते येईल, पण त्याआधी एकदा, एकदाच, तिला खरं काहीतरी ऐकवायचं होतं.

मी ओरडलो. खोटारडी म्हणालो. खिडकीकडे तोंड करून काय काय बोललो. तिनं खांदा धरून मला वळवलं.

"भांडायचंय तर माझ्याकडे तोंड करून भांड. मला पाठ वाचता येत नाही."

"तू खोटं का बोललीस?"

"कारण तू मला पक्षी ऐकवत नव्हतास, तानेल. मला किती ऐकू येतं ते तपासत होतास. रोज. माझ्याकडे बघायचास ते घंटा वाजवून कुत्रं वळतंय का बघावं तसं. एकदा तरी मला पास व्हायचं होतं."

 उत्तर नसलं की मी काय करतो ते तुला माहीत आहे. अजून मोठ्यानं ओरडतो.

ती म्हणाली, "मला पक्षी नकोत. तिथे सगळ्यांच्या तोंडावर मास्क असणार. आजोबांना दात नाहीत, त्यांचे ओठ मला वाचता येत नाहीत. मी शुद्धीवर येईन तेव्हा काहीच ऐकू येणार नाही. तेव्हा समोर कुणाचं तोंड असेल, एवढं सांग."

मी म्हणालो, "माझं नसेल."

हेच लिहायचं टाळत होतो. पाठ, बटाटे, डांबर, सगळं लिहून झालं, आता हे एकच उरलं होतं. हे मी नीट तिच्याकडे तोंड करून बोललो. एक शब्दही चुकणार नाही असा.

तिनं मान हलवली आणि मोजे घडी करायला लागली.

आज सकाळी आजोबांची गाडी आमच्या फाटकावरून गेली. हळू केली नाही. मी खिडकीत होतो. ती पुढच्या सीटवर होती आणि समोर बघत होती.

कॉलेजचं तू जे म्हणालीस ते सगळं खरं असेल. मी डोकं फिरलेला आहे, हेही खरं. पण माझी समजूत घालू नकोस, आणि तिला तर काहीच कळवू नकोस. मी तिथे समोर उभा राहिलो आणि तिनं मला बघून डोळे मिटून घेतले तर तिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नाही. बाकी कुणाशी ओरडून बोलता येतं, दारातून हाक मारता येते. तिनं डोळे मिटले की मी तिच्यासाठी मुकाच. मग पापण्या उघडेपर्यंत उभं राहायचं, आणि त्या न उघडल्या तर काय करायचं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही गं.

आत्ता आईच्या आरशासमोर हिवाळाभर वाढलेली दाढीमिशी काढली. दोन ठिकाणी कापलंय. वरचा ओठ इतका पांढरा दिसतोय की आई हसली. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. डब्यात राईचा ब्रेड भरून दिला.

फाट्यावरून तार्तूची बस अजून मिळेल. पाकीट वाटेत टाकतो. जोडे घातलेत, आई गोठ्याकडे गेली आहे, घरात कुणी नाही. दार ओढून घेतो.

तुझा,
तोंड दाखवायला निघालेला
तानेल