पितळी कुलूप

मंगळवार, संध्याकाळ

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला नेऱ्याला गेले होते, आज तीन आठवड्यांनी परत आले. दारावर माझं पितळी कुलूप आणि त्याच्या वर सरकारी नोटीस चिकटवलेली. "खोली कुलूपबंद आढळली. भाडेकरू राहत नाही." सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर खोली खाली करा.

जाऊ कुठे? चाळ पाडली तेव्हा या संक्रमण शिबिरात आणून टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली. दुसरं छप्पर नाही मला. नियम पाठ आहे, ज्याच्या नावावर खोली त्यानंच राहायचं. बाहेरगावी जाताना ऑफिसात अर्ज द्यायचा, तेही माहीत होतं. पण पोरीला कळा सुरू झाल्यावर अर्ज लिहीत बसू?

खाली साक्षीदार म्हणून शेजारच्या सुमनची सही. विचारलं तर रडायलाच लागली. "वयनी, मी सांगितला त्यांना, लेकीकडं गेलीय म्हणून. त्यांनी लिवलाच नाय."

तिच्यावर ओरडणार होते. तेवढ्यात माझीच एक सही आठवली.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या शेखचाचांच्या दारालाही कुलूप होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी साक्षीदार म्हणून सही करायला कागद पुढे केला. मी पोळ्या लाटत होते. पिठाचे हात पदराला पुसले आणि सही केली. चाचांची खोली गेली.

ते कुठे गेले होते, मी सुमनएवढंही सांगितलं नाही. मला ठाऊकच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.