झोपलेल्याची पावले

बारामती, ता. ५ मार्च १९३४

चि. आप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल उपासनेनंतर ह्यांच्या कबरेवरच्या दगडाचे कापड काढले. तू लिहून पाठवलेले ग्रीक क्रियापद आणि खाली मराठीत ‘झोपला आहे’, दोन्ही स्वच्छ उतरले आहेत. पण त्याखाली कुंडलिक पाथरवटाने चक्क दोन पादुका कोरल्या! हा ह्यांच्याच शाळेतला. रागावले, तर तोच चकित. म्हणाला, बाई, पादुकांबिगर समाधी कुठं असती व्हय? मागे ह्यांच्या वहाणा मागून नेल्या होत्या. मला वाटले, मास्तरांची आठवण म्हणून नेतो आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीचे एक वडील, बापूसाहेब, यांनी काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ख्रिस्ती माणसाचे पाय पुजायचे का, म्हणाले. ईस्टरच्या पहाटेआधी घासून काढा, नाहीतर दगडच उचलू. तू पाळक, तूच सांग. मला तर रडूही येईना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
अक्का

इंदापूर, ता. ११ मार्च १९३४

ती. अक्कास सलाम. वि. वि.

पत्र वाचता वाचता चहा निवून गेला. केकोइमेताइ हे क्रियापद मी मुद्दाम निवडले. त्याच्या रूपात झोप पूर्वीच लागली आहे आणि अजून चालू आहे, असे दोन्ही येते. कबरस्तानाचे ग्रीक नावही त्याच धातूचे. अर्थ, निजायची जागा. निजलेला उठतो, एवढेच मला दगडावर हवे होते.

तरी बापूसाहेबांचेच खरे. उद्या कोणी त्या पायांवर हळदकुंकू वाहील. मन घट्ट कर, घासून घे. माझ्यावर रुसशील, ठाऊक आहे. लहानपणीही तू तीन तीन दिवस रुसायचीस.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
आप्पा

बारामती, ता. २ एप्रिल १९३४

चि. आप्पास आशीर्वाद. वि. वि.

तुझे ऐकणार होते. शनिवारी कुंडलिक छिन्नी घेऊन आला, तेव्हा मी प्रथमच वाकून नीट पाहिले. आप्पा, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, ह्यांची होती तशीच! वहाणेवरून हे कसे कळेल? कुंडलिक खाली मान घालून म्हणाला, चार वरसं मास्तरांच्या खुर्चीफुडं भुईवर बसलो, पाटीपरीस पायच जास्त बघितलं. मी त्याला परत पाठवले.

काल ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमली. बापूसाहेबांना तुझे पत्र वाचून दाखवले, तुझा निकालसुद्धा लपवला नाही. मग सांगितले, कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला बूट पलंगाशी जोडीने ठेवून निजायला लावीत, सकाळी शोधाशोध नको म्हणून. उठणारा माणूस आहे, तर त्याची पावले का खोडायची? बापूसाहेब कंदील खाली धरून त्या करंगळीकडे फार वेळ पाहत राहिले. शेवटी म्हणाले, राहू द्या. फुले मात्र उशाशी ठेवा, पायांवर नको.

फुले उशाशीच ठेवली. कुंडलिकाने परत आणून दिलेल्या वहाणा पायथ्याशी ठेवून आले. अनवाणी चालायची त्यांना सवय नव्हती.

पाळकाचे न ऐकणाऱ्या बहिणीवर जीव असू दे.
अक्का