पांढऱ्या चट्ट्यांचा सकर

पन्हाळा
ता. १२ डिसेंबर २०२४

दादा,

नमस्कार. मी खुशाल आहे. इथे थंडी चांगलीच पडलीय. सीतामावशीचे गुडघे पुन्हा दुखायला लागलेत, तरी भाकरी तीच थापते, मला परातीला हात लावू देत नाही. ती तिची माया, दुसरं काही नाही. मुद्दाम सांगते, कारण तुला दुसरंच वाटायचं.

घराला रंग देऊन झाला का? त्या वासानं मला खोकला होईल म्हणून तू इथे आणून सोडलंस. स्वप्नाली फोनवर रंगाचं काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही.

टाकीतल्या सकर माशांना काकडी घालशील ती नंतर काढून टाक, नाहीतर पाणी नासतं. पांढऱ्या चट्ट्यांच्या सकराला त्याची फोड बाजूला घाल, बाकीचे त्याला ढकलतात.

तो जन्मला तेव्हाचं आठवतं? अंडी घालायला ठेवलेल्या मातीच्या नळीतून पिल्लं बाहेर आली, सगळी काळी, आणि हा एकटाच अर्धा पांढरा. तू जाळी घेऊन आलास. "रोगट हाय ह्यो, बाकीच्यास्नी लागंल. टाकून दे." मी त्याला माझ्या खोलीत बरणीत वाढवला. पुढं पुण्याचा एक शौकीन राजारामपुरीत घराला लागून असलेल्या आपल्या शोभेच्या माशांच्या दुकानात आला आणि त्याला बघून खुळा झाला. असा रंग लाखात एखाद्याला येतो म्हणाला. तेव्हापासून तो दर्शनी टाकीत आहे, पाटीवर त्याचाच फोटो आहे. गिऱ्हाईक आलं की मी मात्र आतल्या खोलीत.

रविवारी शिरोलीचे पाहुणे स्वप्नालीला बघून गेले, हे मला कळलंय. तिनंच व्हिडिओ पाठवला. "आत्या, आपला सकर बघ कसा भाव खातोय!" टाकीसमोर फोन उभा करून पोरगी चहा आणायला आत गेली असावी. पुढचं तिनं ऐकलं नसेल, असं मी धरून चाललेय.

मुलाची आई टाकीजवळ आली. म्हणाली, "हे पांढरं काय ओ? कोड फुटल्यागत?"

तू हसलास. "रोग न्हाय ओ वैनी, रंग हाय. जन्मताच असा. हात लावला तरी काय हुत न्हाय."

दादा, माझ्या हातावर पहिला चट्टा उठला त्या दिवसापासून माझा पेला वेगळा झाला. माझं ठरलेलं लग्न मोडायला ते लोक आपल्या सोप्यात बसले होते, तेव्हा तू मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत होतास. एवढंच वाक्य बोलायचं होतंस. तुला ते येत होतं तर.

व्हिडिओ तिथं संपला असता तरी मी गप्प बसले असते. पण त्या बाईंनी पुढं विचारलं, "आईविना पोरगी, मग वाढवली कुणी?"

"भन हुती माझी."

"हुती म्हंजे?"

"वारली."

किती सहज म्हणालास. आवाजसुद्धा हलला नाही. वर्षाराणी वहिनी गेली तेव्हा स्वप्नाली रांगत होती. तिच्या तोंडात पहिला घास घातला तो ह्याच चट्ट्यांच्या हातानं. तेव्हा तुला त्या हातांचं काही वाटलं नाही.

आता एक कर. पोरीला नीट शिकवून ठेव. सासरी उद्या कुणीतरी विचारणारच, आत्या कशानं गेली? तिनं एक सांगायचं आणि तू दुसरं, असं नको व्हायला.

मला न्यायला येऊ नकोस. इथल्या एका हॉटेलात काउंटरवर काम मिळालंय. मालकीणबाईंनी हाताकडं बघून विचारलं, "कोड हाय न्हवं?" मी व्हय म्हटलं. "बरं. सकाळी किती वाजता येशीला?" एवढंच बोलणं झालं. दिवसभर दारातच बसते, सहलीची माणसं समोरून जातात.

लग्नाला मी येणार नाही, काळजी करू नकोस. पत्रिकेत आई-आबांच्या नावांखाली माझंही नाव घाल. लोक तिथली नावं वाचत नाहीत.

स्वप्नालीला आशीर्वाद. माझा म्हणून सांगू नकोस.

तुझी बहीण,
कै. अनुजा