ठोके देणाऱ्या गळवाविषयी

असोदा, मंगळवार, सकाळ

आदरणीय तोताराम नाना यांस धनसिंगचा साष्टांग नमस्कार. (वाकण्यास डॉक्टरांची मनाई असल्याने तो कागदावरच स्वीकारावा.) तुमची प्रकृती आणि वहिनींचे गुडघे ठीक असावेत. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची सौभाग्यवती भागाबाई, ठणठणीत आहे, हे तुम्हांला दिसेलच.

माझी अँजिओग्राफी जळगावात जांघेतून झाली. चौथ्या दिवशी तेथे लिंबाएवढी गाठ आली. आता आपल्याकडे भेटीला आलेला माणूस नुसता चहा पिऊन जात नाही, आजार हाताळून जातो. दोन दिवसांत अकरा जणांनी ती गाठ, केळीचा घड काढणीला आला का पाहावे तशी, अंगठ्याने दाबली. ज्या गावाला मी तीस वर्षे विज्ञान शिकवले, तेथे एकानेही “मास्तर, इथूनच सुई शिरली होती ना?” असे विचारू नये? घरातील एका जाणत्या व्यक्तीने तर जवसाचे गरम पोटीस बांधविले. संध्याकाळी गाठ पेरूएवढी. तिसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेला झुलाल पाते उकळूनच आला.

“मास्तर, हाई गळू शे, पिकी गयं. एक चीर मारसू, बठ्ठं मोकळं.”

पोटीस काढायला भागाबाईने हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

“थांब रे झुलाल. गळू कधी ठोके मारस का?”

नाना, सारे शास्त्र या प्रश्नात आहे. ठिबकची नळी डोळ्यांपुढे आणा. तिला भोक पडले की शेजारच्या मातीत डबके साचते. त्याची भिंत नळीची नव्हे, चिखलाची. धमनीतले सुईचे भोक बुजले नाही, तर मांसात असेच रक्ताचे डबके होते आणि नाडीबरोबर उडते. डॉक्टर त्याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीचा खोटा फुगा म्हणतात. गळू समजून चीर दिली की पू येत नाही, धमनीच वाहू लागते; आणि ती थांबवायला गुरांचे बँडेज पुरत नाही.

भागाबाईने मला त्याच दिवशी जळगावला नेले. डॉक्टरांनी डॉपलर सोनोग्राफी करून रक्त आत-बाहेर घुमताना मला दाखविले (इतके सुंदर दृश्य मी वर्गात कधीच दाखवू शकलो नाही) आणि पडद्यावर पाहतच सुईने रक्त गोठविणारे औषध फुग्यात सोडले. मिनिटाभरात ठोके थांबले. फुगा लहान असला तर कधी नुसत्या देखरेखीखाली बुजतो, कधी सोनोग्राफीत पाहून दाबतात. झपाट्याने वाढणाऱ्याला शस्त्रक्रिया. हे त्यांनी ठरवायचे, अंगठेवाल्यांनी नव्हे.

आपला,
धनसिंग

ता. क. : काल ताईबाई वहिनींचा फोन आला. धुळ्यात तुमचीही अँजिओग्राफी झाली, जांघेत ‘गळू’ आले, आणि तुम्ही झुलाललाच बोलावले म्हणे. माझ्याकडे न वापरलेले पाते घेऊन तो आज दुपारच्या बसने निघतो आहे. मी फोनवर समजावू लागताच तुम्ही “शाळा सुटली मास्तर” म्हणून फोन ठेवलात, म्हणून हे पत्र माझ्या मुलाच्या, भूपेंद्रच्या हाती. गाडी तुमच्या दारात उभी आहे. गाठ दाबू नका. बोटे अलगद टेकवा, उडते का पाहा, आणि उडो वा न उडो, दवाखान्याचे कागद घेऊन गाडीत बसा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

पुन्हा ता. क. : पोटीस बांधविणारी जाणती व्यक्ती मीच. झुलालच्या पात्याला होकारही मीच दिला होता. हे भागाबाई सांगणारच आहे. ती गाडीत मागे बसली आहे, आणि तुम्हांला घेतल्याशिवाय गाडी हलू देणार नाही.