पाणी शुद्ध आहे, म्हणे

३ फेब्रुवारी, सोमवार

परत बोलावणं! मोठ्या बाईंनी आधी बसवलं, तब्येत विचारली. तेव्हाच ओळखलं, पुढे काहीतरी आहे. मग आलंच — "सातवीला तुम्ही बातम्या वाचायला शिकवता की भांडायला?"

शुक्रवारी बातमीच्या तासाला काय झालं ते त्यांना शब्दन्‌शब्द ठाऊक. कोणी सांगितलं? वर्गाचं दार मी स्वतः लावते!

झालं होतं एवढंच. मुलांनी बातमी आणली — खालच्या वस्तीत पोरं उलट्या-जुलाबांनी आजारी. खाली पाणीखात्याचा खुलासा — पाणी तपासलं, शुद्ध आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये. मी म्हटलं, यात काय सांगितलेलं नाही ते शोधा.  मग वकिलीणबाई उठली. (नाव पोरांनीच ठेवलंय. ती त्याच वस्तीत राहते.) "बाई, तपासलं म्हणतात, पण कुठलं? टाकीतलं की आमच्या नळाचं?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मोठ्या बाई मात्र म्हणाल्या, "आणि तुम्ही म्हणालात म्हणे, अख्खं पाणीखातं त्या मुलीच्या हाताखाली द्यायला हवं! शोभतं का शिक्षिकेला?"

वर्गात एक गोष्ट मी बोलले नाही. पाणी तपासायचं काम आमचे हे बघतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गणितवाले सर. दुसरं कोण? शेजारचाच वर्ग, मध्ये पातळ फळ्यांची भिंत. मधल्या सुट्टीत आडून आडून विचारलं. म्हणाले, "बाई, पोरं माझाच तास ऐकत नाहीत, मी तुमचा कुठे ऐकत बसू?"

सर हसले. जरा जास्तच हसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांनी आज पिण्याचं पाणी उकळायला ठेवलं. स्वतः! "घसा बरा नाही." घसा? सकाळी न्हाणीघरात ताना घेत होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वकिलीणबाई आली नाही. धाकट्या बहिणीला सलाईन लावलंय, असं तिची मैत्रीण म्हणाली.

तासात मन लागेना. एकीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाणी उकळून पिता?"

"हो."

"पहिल्यापासून?"

मी फळा पुसायला वळले. पुसलेलाच होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी भांडी घासता घासता हात थांबला. पाणीखातं तिच्या हाताखाली द्या — हे मी वर्गात बोललेच नव्हते! त्या आधीच्या शुक्रवारी रात्री जेवताना बोलले होते. कौतुकानं. ह्यांच्यापाशी!

गणितवाल्या सरांवर उगाच डोळा ठेवून होते. कान घरातच होते.

ओल्या हातानंच बाहेर गेले. "अहो, मोठ्या बाईंना तुम्ही फोन केलात?"

आधी वर्तमानपत्र खाली करेनात. मग म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी. उद्या ती पोरं तुझं नाव घेऊन आमच्या दारात उभी राहिली असती. मग तुझी नोकरी काय आणि माझी काय!"

"कुठलं पाणी तपासलंत?"

"टाकीतलं."

"आणि वस्तीतलं?"

"साहेब म्हणाले, सध्या एवढ्यावर भागवा. गटाराशेजारची जलवाहिनी फुटलीय, ती दुरुस्त झाली की बघू."

"खुलासा कोणी लिहिला?"

"मीच." 

"त्या मुलीची बहीण दवाखान्यात आहे," मी म्हटलं. "तुम्ही घरात उकळून पिताय आणि ती माणसं तेच शुद्ध समजून!"

भांडण झालंच नाही. तेच जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा त्यांच्या हातचा चहा घेताना कपात बघितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

हे सकाळी चपला घालून दारात उभे. "साहेबांना सांगून टाकलं, मी वस्तीत चाललोय. येतेस?" मीही निघाले.

दारोदार तेच — "मी पाणीखात्यातला. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका." लोक तोंडाकडे बघायचे. एकानं तर विचारलं, "फिल्टर विकायला आलात का?"

वकिलीणबाईनं दार उघडलं. मला बघून हसली नाही. ह्यांचं सगळं ऐकून घेतलं. "काका, मागे पेपरात म्हणालात शुद्ध आहे. आज म्हणता नाही. आजचं खरं कशावरून?"

 

ती आत गेली, नळाखाली पेला भरून आणला, ह्यांच्यापुढे धरला. "प्या."

ह्यांनी पेला हातात घेतला. तोंडाला लावला नाही.

तिनं मान वळवून आत हाक मारली — "आई, पातेलं ठेव. खरं सांगतायत."