मुकादमापेक्षा मोठा मासा

३ फेब्रुवारी १९९६, शनिवार
शेठने दत्तूला मुकादम केलं. दत्तूला! सुरतेला उधन्यात आला तेव्हा त्याला तुटलेला धागा जोडता येत नव्हता. गाठ मारायला मी शिकवलं. बावीस वर्षं माग चालवतोय, आणि शेठ म्हणतो, सुकदेव, तू लवकर तापतोस. मी तापत नाही. हे ऐकून मात्र तापलो. जेवलो नाही. मग जेवलो.

६ फेब्रुवारी
टपरीवर केबलला एक गोरा पाहिला. बोटीत खुर्ची, खुर्चीला पट्ट्याने बांधलेला, हातात गळ. दोन तास ओढून माणसाएवढा मासा काढला आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो. ठरलं. असाच मासा धरायचा आणि फोटो दत्तूच्या टेबलासमोर ठोकायचा. मग कळेल शेठला, कोण मुकादम हवा होता ते.
गोऱ्याला बिचाऱ्याला किनारा मिळाला नसेल, म्हणून बोट. मला डुमस आहे.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८
डुमसला पाहणी. पाणी बंधाऱ्याला लागलेलं. म्हणजे समुद्र पहिल्या शिफ्टला असतो. पुढच्या रविवारी आठ वाजता.
घरी सुंदरा म्हणाली, "पाणी तिथीवर येस, घड्याळवर नही." मासेवालीने सांगितलं म्हणे. मी विचारलं, मासा काय चतुर्थी धरतो? बायकोने यात पडू नये.

१४ फेब्रुवारी
कारखान्यातल्या नायलॉनचे चाळीस धागे पिळून दोरी केली. गाठी सगळ्या माझ्या हातच्या. गळ लोहाराकडून. पट्टा मागाचा, जुना. खुर्ची सलूनवाल्या राघोची, लोखंडी. देताना रडत होता. फोटोसाठी स्टुडिओवाला हेमराज. साक्षीदार म्हणून दत्तूलाच बोलावलं. जळू दे.

१८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८
समुद्र नाही! नजर जाईल तिथवर चिखल आणि एक कुत्रा. खुर्ची डोक्यावर घेऊन मी उभा. दत्तू काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला बरोबर ऐकू येतं. एक मच्छीमार म्हणाला, दोनला भरेल. दत्तू म्हणाला, थांबू या. रविवारी मी मुकादमाचं ऐकत नाही. घरी आलो.
समुद्राने शिफ्ट बदलली, तर आधी सांगायला नको? पुढच्या रविवारी दोन वाजता.

२२ फेब्रुवारी
कारखान्यात जो तो विचारतो, आप्पा, कालवण कधी? तिघांवर ओरडलो. तापलो नाही.
सुंदराने कॅलेंडर माझ्या ताटासमोर टांगलंय. भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

२५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी २
पुन्हा चिखल!! हा समुद्र आहे की नगरपालिकेचा नळ? बस्स. आता हटणार नाही. खुर्ची ओढत लांब आत नेली, बसलो, पट्टा आवळला. दत्तू आणि हेमराज बंधाऱ्यावर शेंगा खाताहेत.

३.३०
खुर्ची गुडघ्यापर्यंत रुतली. चांगलंच आहे. पाया पक्का.

४.४५
पाणी आलं. मागून. बक्कल निघत नाही. वही टोपीत ठेवतो.

२६ फेब्रुवारी
कामावर गेलो नाही. काल दत्तू कमरेएवढ्या चिखलात उतरला, माझीच दोरी माझ्या काखेतून घेऊन गाठ मारली आणि पट्टा कापला. मग तो, हेमराज आणि दोन मच्छीमार बंधाऱ्यावरून ओढायला लागले. मी सूचना देत होतो. त्यांनी ऐकल्या नाहीत. गळ आणि राघोची खुर्ची समुद्राने ठेवून घेतली.
पाणी छातीला लागलं तेव्हा मी सुंदराचं नाव घेतलं. हे कुणाला सांगणार नाही.

२८ फेब्रुवारी
फोटो लागला. दत्तूच्या टेबलासमोर, मी मनात धरलेल्याच खिळ्यावर. दोरीला मी लटकलेला, चिखलाने काळा, तोंड उघडं. शेजारी दत्तू उभा. म्हणजे हेमराजने मधेच दोरी सोडून कॅमेरा धरला होता. खाली खडूने लिहिलंय: वजन बासष्ट किलो.
कोणी लावला म्हणून मी सगळा कारखाना डोक्यावर घेतला. दत्तू उठला, फोटो काढून माझ्या हातात दिला.
"आप्पा, गाठ तुम्ही शिकवलेलीच होती," म्हणाला. "नाहीतर कालच तुमचा तिसरा दिवस झाला असता."
मी फोटो टोपीत ठेवला. मग त्याने सांगितलं, सात नंबरचा माग धागा तोडतोय, बघून घ्या.
बघितला.